किती वाजले? कुठे?

सोलापुरात नवख्या माणसाला सात रस्ता चौकापर्यंत पोचवणे सोपे आहे. कोणताही रिक्षावाला आणून सोडतो. अवघड असते ते तिथून पुढचे सांगणे. ‘चौकातून उजवीकडे वळा’ हे वाक्य चार रस्त्यांच्या चौकातही अपुरेच असते, पण तिथे माणूस अंदाजाने निभावून नेतो. सात वाटा एकत्र येतात तिथे अंदाज चालत नाही. तुम्ही कोणत्या रस्त्याने आलात हे कळल्याशिवाय ‘उजवीकडे’ या शब्दाला अर्थच नसतो. गेल्या पावसाळ्यात एका शिक्षकमित्राकडे जाताना मी या चौकात दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याने आधी विचारले, “तुझं तोंड कुणीकडे आहे?” मग वाट सांगितली.

ज्या कामासाठी मी गेलो होतो, त्यातही कोणीतरी हाच प्रश्न विचारायला विसरले होते.

मित्राच्या शाळेतील नववीच्या दोन मुलींनी चादरी रंगवल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यावर एक छोटा प्रकल्प केला होता. त्याचा अहवाल एका स्पर्धेच्या संकेतस्थळावर पाठवायचा होता. मुदत शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. मुलींनी तो शाळेच्या संगणकावरून पाठवला तेव्हा पाचला आठ मिनिटे कमी होती. हे मित्राला पक्के आठवत होते, कारण तो दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता. आठवड्याने उत्तर आले: अहवाल रात्री १० वाजून २२ मिनिटांनी मिळाला, सबब विचारात घेता येत नाही. त्या वेळी संगणकाच्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली मित्राच्या घरी खुंटीला. त्यातली एक मुलगी त्याला म्हणाली, “सर, आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटतंय का?”

आयोजकांनी प्रामाणिकपणे आपला तक्ता पाठवून दिला होता. तक्त्यात मुलींच्या नावासमोर १६:५२:११ अशी वेळ होती आणि शेजारी शेरा होता: ‘सर्व्हरच्या वेळेत साडेपाच तास मिळवले.’ सोळा बावन्नमध्ये साडेपाच मिळवले की बावीस बावीस होतात. बेरीज बिनचूक होती. मग आम्ही मूळ ओळ मागितली. तक्त्यातली नको, सर्व्हरने स्वतः लिहिलेली. ती आली आणि वेळेच्या पुढे, एक जागा सोडून, चार आकडे दिसले: +०५३०. म्हणजे साडेपाच तास आधीच मिळवलेले होते. आयोजकांनी ते पुन्हा मिळवले.

चूक माणसाचीच, हे खरे. पण ज्या वहीत ती नोंद होते त्या वहीची आखणीही या चुकीला हातभार लावते, असे मला ठामपणे वाटते. या वहीचे परीक्षण करावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. एखाद्या पाठ्यपुस्तकाचे करतो तसेच.

वेबसर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान देणारा संगणक. तो प्रत्येक मागणीची एक ओळ आपल्या वहीत लिहितो. या वहीला लॉग म्हणतात. कोणत्या पत्त्यावरून मागणी आली, केव्हा आली, काय मागितले, मिळाले की नाही, किती अक्षरे पाठवली, एवढे त्या ओळीत असते. तिचे आजचे रूप बऱ्याच अंशी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात १९९३ च्या सुमारास तयार झालेल्या सर्व्हरकडून आले. १९९५ मध्ये त्याच्यातूनच ‘अपाची’ हा सर्व्हर निघाला आणि ही ओळ जगभर पसरली. अपाचीच्या माहितीपुस्तिकेत नमुन्याची एक ओळ आहे. तिच्यातील वेळेचा भाग देवनागरीत लिहिला तर असा दिसेल:

[१०/ऑक्टो/२०००:१३:५५:३६ -०७००]

या ओळीतील चांगले काय ते आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. शेवटचे पाच चिन्हांचे टोक म्हणजे जागतिक समन्वित वेळेपासूनचे अंतर. या वेळेला संगणकवाले यूटीसी म्हणतात. आपल्या कामापुरती ती म्हणजे ग्रिनिचची वेळ समजा. उणे सात तास म्हणजे हे घड्याळ ग्रिनिचच्या सात तास मागे. तेव्हा ग्रिनिचला २०:५५:३६ झाले होते. त्यात आपले साडेपाच तास मिळवा: २६:२५:३६, म्हणजेच ११ ऑक्टोबरची पहाट, २ वाजून २५ मिनिटे ३६ सेकंद. पुस्तिकेतला तो वाचक दुपारी चित्र मागत होता तेव्हा सोलापुरात तारीख बदलून गेली होती. एका ओळीतून हे सगळे निघते. कोणाला काही विचारावे लागत नाही.

आता दोष. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आहे, म्हणजे ती जोडलेली आहेत. पण वेळ आणि टोक यांच्यामध्ये मात्र कोरी जागा आहे. लॉग वाचणारी बहुतेक साधने, आणि आपला नेहमीचा तक्त्याचा प्रोग्रामही, कोऱ्या जागेवर ओळ तोडून रकाने पाडतात. मग वेळ चौथ्या रकान्यात जाते आणि टोक पाचव्यात. पाचव्या रकान्यात सर्व ओळींना +०५३० हेच दिसते. शिवाय त्याला एक अर्धवट कंस चिकटलेला. नीटनेटका तक्ता करणारा माणूस तो रकाना पुसून टाकतो. मीही असे रकाने पुसलेले आहेत, तेव्हा आयोजकांना हसायचा मला अधिकार नाही. जे टोक वेळेचा अर्थ ठरवते तेच सर्वांत सहज गळून पडेल अशा जागी ठेवले आहे, हा या आखणीचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा दोष.

हे त्या काळी अपरिहार्य होते का? नव्हते. तारीख-वेळ लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८६०१, १९८८ मध्येच आले होते. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि टोक वेळेला चिकटलेले: २०००-१०-१०टी१३:५५:३६-०७:००. मधल्या ‘टी’ या अक्षरामुळे कोरी जागा उरतच नाही. असे लिहिले की अक्षरानुक्रम लावला तरी एका जागेच्या नोंदी आपोआप कालानुक्रमाने लागतात. लॉगच्या ओळीत दिवस आधी आणि महिन्याचे इंग्रजी नाव मध्ये असल्याने एप्रिल ऑगस्टच्या आधी येतो, पण ऑगस्ट फेब्रुवारीच्या आधी! मात्र थोडी बाजू घ्यायची तर, ईमेलच्या १९८२ च्या नियमांत टोक असेच कोरी जागा सोडून लिहिले जाई. नवी वही आखणाऱ्यांनी बहुधा हाताशी असलेली सवय उचलली. पुढे २००२ मध्ये इंटरनेटसाठी आयएसओच्या धर्तीवर स्वतंत्र नियम आला, तोवर जुनी ओळ सगळीकडे रुजली होती.

दुसरा दोष जास्त चमत्कारिक आहे. अपाची एक नव्हे, दोन वह्या ठेवतो. एक भेटींची, जी आपण पाहिली. दुसरी चुकांची, म्हणजे काही बिघडले तर त्याची नोंद. चुकांच्या वहीतल्या वेळेचा पुस्तिकेतील नमुना असा:

[शुक्र सप्टें ०९ १०:४२:२९.९०२०२२ २०११]

सेकंदाचा दहा लाखावा भाग दिला आहे, पण घड्याळ कुठले ते दिलेले नाही. हे म्हणजे गावाचे नाव न लिहिता घर क्रमांक, मजला आणि दाराचा रंग कळवण्यासारखे झाले. एंजिनएक्स नावाचा दुसरा लोकप्रिय सर्व्हरही हेच करतो: भेटींच्या वहीत टोक, चुकांच्या वहीत नाही. आणि भांडण होते तेव्हा लोक नेमकी चुकांची वही उघडतात.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरची रीत तिसरीच. त्याची नेहमीची वही १९९६ च्या एका मसुद्यावर आधारलेली आहे आणि त्या मसुद्याप्रमाणे सर्व वेळा ग्रिनिचच्या. हे धोरण म्हणून उत्तम. पण ते मसुद्यात लिहिले आहे, ओळीवर नाही. ज्याने मसुदा वाचला नाही त्याला ०७:३० म्हणजे सकाळचे साडेसात वाटणार. या वहीची फाइलही मुळात ग्रिनिचच्या मध्यरात्री बदलते, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. समजा एखाद्या शाळेने ‘१३ मे २०२५ ची फाइल द्या’ असे सांगितले. हा दिवस मी दहावीच्या निकालाचा म्हणून निवडला. त्या फाइलीत १३ तारखेचे पहाटे साडेपाचपर्यंतचे काहीच नसेल आणि १४ तारखेच्या पहाटेचे मात्र असेल. निकाल दुपारी एकला होता, तो तिथे ०७:३० ला दिसेल. फाइलीचे नाव बघून कोणी म्हणेल, निकालाच्या आदल्या रात्री जागून संकेतस्थळ उघडणारे विद्यार्थी कुठे गेले? ते आदल्या दिवसाच्या फाइलीत आहेत.

संकेतस्थळांचे जाणकार यावर म्हणतात, ‘सगळ्यांनी यूटीसी वापरावी, प्रश्न मिटला.’ मला हे अर्धे पटते. यंत्रांच्या आपसातल्या हिशोबाला यूटीसीसारखी सोय नाही. पण रात्री बिघाड शोधत बसलेल्या सोलापूरच्या माणसाला भिंतीवरचे घड्याळ आणि वही जुळलेली हवी असतात, हीही रास्त गरज आहे. वेळ कोणतीही लिहा. तिचे टोक मात्र तिच्याच अंगाला चिकटवून लिहा. यूटीसी असेल तर शेवटी एक ‘झेड’ पुरतो. एका अक्षराचा खर्च.

आणि टोक आकड्यांतच हवे, ‘आयएसटी’ अशा आद्याक्षरांत नको. आपल्याला आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ वाटते. इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळसुद्धा याच तीन अक्षरांनी लिहितात.

विद्यार्थी विचारतील, हे सारे परदेशी माणसांचे झंझट, आपल्या देशात तर एकच वेळ आहे ना? ती एक आहे १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधीचे सोलापूर डोळ्यांसमोर आणा. सोलापूरचे रेखांश सुमारे ७५ अंश ५४ कला पूर्व. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून सोलापूरची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ५ तास ३ मिनिटे ३६ सेकंद पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावत असे, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. आणि सोलापूर ज्या इलाख्यात होते त्याच्या राजधानीची, मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे. म्हणजे सोलापुरात सूर्याप्रमाणे दुपारचे बरोबर बारा झाले की मुंबईच्या घड्याळात ११.४७ आणि स्टेशनवरच्या घड्याळात १२.१७. आजच्या प्रमाणवेळेने तो क्षण १२.२६ चा. गाडी साडेबाराला असेल आणि प्रवासी सूर्याच्या भरवशावर घरून निघाला, तर त्याची गाडी चुकलीच म्हणून समजा.

लोकांनी हे बदल निमूटपणे स्वीकारले असेही नाही. मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा सरकारचा प्रयत्न १८८१ मध्ये झाला आणि विरोधामुळे १८८३ मध्ये गुंडाळावा लागला. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी निदर्शने केली. मुंबईची वेळ तर १९५५ पर्यंत टिकून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. म्हणून जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ असे छापलेले दिसते. ही दोन अक्षरे म्हणजे आपल्या आजोबांनी वापरलेले +०५३०! वऱ्हाडी मंडळी मुहूर्तावर पोचावीत म्हणून जी काळजी छापखान्याच्या खिळे जुळवणाऱ्याने घेतली, ती दोन हजार सालानंतरच्या चुकांच्या वहीने घेऊ नये याचे मला नवल वाटते.

पंचांगाचे उदाहरण तर सोलापूरकरांच्या घरचेच आहे, कारण दाते पंचांग सोलापुरातून शंभराहून अधिक वर्षे निघते. तिथी संपण्याचा क्षण सर्व पृथ्वीला एकच असतो. सूर्योदय मात्र गावोगाव निराळा. जुन्या रीतीने वेळ सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत लिहिली की ती आपोआप स्थानिक होते आणि कोणत्या गावचा सूर्योदय हे सांगावेच लागते. तास-मिनिटांत लिहिली तर कोणते घड्याळ हे सांगावे लागते. पंचांगकर्त्याला या दोहोंतून सुटका नसते. लॉग आखणाऱ्याला ती मिळाली आहे.

युद्धकाळातील एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. घरात कोणा पणजोबांची १९४३ सालची रोजनिशी असेल आणि तीत ‘सकाळी ७ ला निघालो’ असे असेल, तर ते आजच्या सहा वाजता निघाले होते. भारतात कधीच घड्याळे मागेपुढे झाली नाहीत असे मानणारा प्रोग्राम इथे तासाभराने चुकतो.

संगणकांत या सर्व बदलांची एक सामायिक यादी असते. तीत आपल्या देशाचा विभाग ‘आशिया/कोलकाता’ या नावाने आहे. २००८ पूर्वी ‘आशिया/कलकत्ता’ होता. युद्धकाळातला जादा तास या यादीत नोंदलेला आहे. पण १९०६ पूर्वीचा इतिहास तिथे कोलकात्याच्या अंगाने येतो, आणि मुंबईच्या १९५५ पर्यंतच्या वेळेला जागा नाही. यादी करणाऱ्यांचा दोष मानू नये. १९७० पासूनचे बरोबर असावे एवढीच त्यांची हमी आहे आणि ती ते पाळतात. सोलापूरच्या जुन्या कागदांना हे कोष्टक लावू नका, इतकेच.

आपल्या साडेपाचमधल्या ‘साडे’ने एक खास अडचण होते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अनेक संकेतस्थळांवर मूळ ओळी ठेवत नाहीत. दर तासाला किती भेटी आल्या एवढी बेरीज ठेवून ओळी पुसतात. ही बेरीज यूटीसीच्या तासांत असेल तर पाच ते सहा हा तास आपल्याकडे साडेदहा ते साडेअकरा होतो. अकराला भरणाऱ्या शाळेच्या शिक्षकाला प्रश्न पडतो: मुले शाळा भरण्यापूर्वी पान उघडतात की नंतर? दोन्ही एकाच बेरजेत मिसळले आहे. साडेपाच मिळवून आलेख सरकवता येतो, पण त्याचे तास आपल्या तासांशी कधीच जुळत नाहीत. पीठ झाल्यावर दाणे मोजता येत नाहीत. जपानच्या किंवा जर्मनीच्या शिक्षकाला हा त्रास नाही, कारण त्यांचा फरक पूर्ण तासांत आहे. नेपाळचा तर पावणेसहा तासांचा. श्रीलंकेने १९९६ मध्ये साडेपाच सोडून आधी साडेसहा आणि मग सहा तास स्वीकारले, आणि २००६ मध्ये पुन्हा साडेपाचवर आली. निदान पाव-पाव तासाच्या बेरजा ठेवाव्यात, म्हणजे आम्ही सगळे सुटू.

अजून एक बारीक प्रश्न उरतो, तो म्हणजे वेळ कशाची. अपाची मागणी आल्याची वेळ लिहितो, पण ओळ लिहितो काम संपल्यावर. म्हणून त्याच्या वहीत ओळी पुष्कळदा मागेपुढे असतात. ते पाहून कोणी वहीत फेरफार झाल्याचा संशय घेऊ नये. एंजिनएक्स मात्र काम संपल्यानंतरची, ओळ लिहितानाची वेळ लिहितो. समजा, मुलींचा अहवाल मोठा आहे, शाळेची जोडणी मंद आहे, पाठवायला सुरुवात चार अठ्ठावन्नला झाली आणि शेवट पाच वाजून तीन मिनिटांनी. एका सर्व्हरच्या वहीप्रमाणे अहवाल मुदतीत, दुसऱ्याच्या वहीप्रमाणे उशिरा. दोन्ही घड्याळे अगदी अचूक. इथे टोकही उपयोगाचे नाही. ‘मिळणे’ म्हणजे काय हे आयोजकांनी नियमांत आधी लिहायला हवे. परीक्षेत घंटा झाल्यावर पेन खाली ठेवायचे की पेपर हातात द्यायचा, हे आपण सांगतोच ना!

एका प्रकल्पाची गोष्ट झाली. पण या वह्यांवरून माणसे तुरुंगातही जातात. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी ऑर्कुटवरील आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणी बेंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता त्याचा असल्याची माहिती इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने दिली होती. तो पत्ता त्याचा नव्हता. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्याने सुमारे पन्नास दिवस येरवड्यात काढले. अशा तपासात काय जुळवायचे असते ते पाहा. घरगुती जोडणीला पत्ता बहुधा कायमचा नसतो. आज सकाळी तो माझ्याकडे, संध्याकाळी तुमच्याकडे. म्हणून ‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘हा पत्ता या क्षणी कोणाचा?’ याला असते. एका देशातील सर्व्हरची वही आणि दुसऱ्या देशातील कंपनीची वही शेजारी ठेवायची. त्यात साडेपाच तासांची, किंवा सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली की उत्तरात दुसऱ्याच कोणाचे नाव येते. ते नाव धारण करणाऱ्याला आपण त्या वेळी काय करत होतो हे आठवतही नसते. मुलींच्या बाजूने निदान किल्ली धरून उभा असलेला शिक्षक होता.

आज तर एकच पत्ता एका क्षणी अनेक ग्राहक वापरतात. म्हणून २०११ च्या एका इंटरनेट-शिफारशीत पत्त्यासोबत जोडणीचा पोर्ट क्रमांकही नोंदवावा आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक, शक्यतो यूटीसीत असावी असे म्हटले आहे. आपल्याकडे संगणक-सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा ‘सर्ट-इन’ हिने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व्हरची घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत आणि लॉग १८० दिवस जपावेत असे सांगितले. हे योग्यच झाले. मात्र घड्याळ बरोबर असणे आणि नोंद पूर्ण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलींच्या प्रकरणात घड्याळ सेकंदाचीही चूक करत नव्हते.

त्या प्रकरणाचे पुढे असे झाले. मूळ ओळ दाखवल्यावर आयोजकांनी अहवाल दाखल करून घेतला आणि दिलगिरीचे पत्र पाठवले. मित्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याने कळवले, हीच बेरीज सर्व ओळींना केली असेल, तर शेवटच्या दिवशी सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी पाच या वेळात आलेले सगळेच अहवाल रात्रीचे ठरले असतील. आयोजकांनी यादी पुन्हा तपासली. तसे आणखी काही निघाले. त्यांपैकी कोणत्याही शाळेने विचारणा केलेली नव्हती.

वर्गात करण्याजोगे दोन उपक्रम सुचवतो. पहिला उन्हाचा. सोलापुरात एक काठी उभी रोवून तिची सावली सर्वांत आखूड होते तो क्षण भ्रमणध्वनीच्या घड्याळात टिपा. एप्रिलच्या मध्यावर तो १२.२६ च्या आसपास येईल, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४० च्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१० च्या. प्रमाणवेळ आणि आपल्या गावाची वेळ यांतील अंतर मुलांना तिथे अंगणातच सापडेल. वर्षभरातला अर्ध्या तासाचा झोका का येतो हा पुढचा, अधिक रंजक प्रश्न. ज्या शाळा सोलापूरच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला आहेत त्यांनी दर अंशाला चार मिनिटे हा हिशोब लावून आपला आकडा आधी काढावा आणि मग काठी रोवावी.

दुसरा उपक्रम फळ्यावरचा. वरच्या दोन्ही ओळी, ऑक्टोबर २००० ची आणि सप्टेंबर २०११ ची, फळ्यावर लिहा आणि त्या भारतीय प्रमाणवेळेत आणायला सांगा. पहिली पाच मिनिटांत येईल. दुसरीपाशी वर्ग अडेल. कोणी तरी साडेपाच मिळवेल, कोणी जशीच्या तशी ठेवेल, दोघांत वाद होईल. तो होऊ द्या. मग सर्व्हरच्या मालकाला एकच प्रश्न विचारायची परवानगी द्या आणि तो काय असावा हे त्यांनाच लिहायला सांगा.